वैजूचा चुडा

"काकी, आधी माझ्या हातातल्या उतरवा," वैजयंता म्हणाली, "आणि मग ह्याच बांगड्या वन्संच्या हातात भरा."

मी पेटीचं झाकण उघडत होते, ते तसंच धरून बसले. कासाराच्या घरात नांदायला आल्यापासून बायकांच्या नाना फर्माइशी ऐकल्या होत्या. सासूच्या नजरेत येणार नाहीत अशा भर. जावेपेक्षा एक तरी जास्त भर. नवऱ्याला लाल आवडत नाहीत ना, मग लालच भर. पण स्वतःचा भरला चुडा उतरवून विधवा नणंदेच्या हातात चढवा, असं मागणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होते.

"चेष्टा करतीस होय गं?"

"नाही."

ती नणंद, कला, आमच्याकडे पाठ करून चुलीपाशी बसली होती. बाटली उकळायला ठेवलेलं पातेलं समोर होतं. तिनं वळून बघितलं नाही, पण हातातली फुंकणी खाली ठेवली. म्हणजे ऐकलं होतं.

सोप्यातून वैजयंताची सासू आली. गाव तिला आक्काताई म्हणायचं. खांद्यावर पाच महिन्यांची नात, ठकी. पाळण्यातलं नाव काहीतरी मोठं होतं, पण आजीनं ठकी म्हटलं, मग गावानंही तेच धरलं. पोर रडून रडून लाल झाली होती.

"ऐकलंस नव्हं, अनसूये?" आक्काताई मला म्हणाल्या. "दारात दोन म्हशी हाईत. तरी माझी नात डब्याचं दूध पिणार. आन ते पाजायला माझी रांडावलेली लेक हिरवा चुडा भरणार. आता एवढंच बघायचं ऱ्हायलं हुतं."

"आत्ती, म्हशीचं दूध एवढ्या लहान पोराला पचत नाही. सिस्टरनं सांगितलंय."

"तुझ्या नवऱ्याला पचलं की! चांगला बैलागत वाढला."

आक्काताईंच्या खाती कुरकुर कायम जमेला असायची. माया असलीच तर ती नावे टाकून ठेवलेली. पण त्यांच्या बोलण्यात त्या दिवशी खोट नव्हती. मलाही त्यांचंच पटत होतं.

मगदुमांचं हे घर आमच्या गावाच्या नदीकडच्या टोकाला. आक्काताईंचा मुलगा श्रीकांत साखर कारखान्यात होता. गळिताचे दिवस, त्यामुळे तो घरी कमीच दिसायचा. सून शिकलेली. तिनं घरात सांगितलं होतं की बालवाडीच्या ट्रेनिंगला निवड झालीय, साताऱ्याला राहावं लागणार, आणि पोरीला तिथं नेता येत नाही. आज संध्याकाळच्या गाडीनं निघायचं होतं. पोर मात्र आईच्या अंगाशिवाय दुसरं काही तोंडात घेत नव्हती. गाडीच्या वेळेपर्यंत तिनं डब्याचं दूध घेतलं तर ठीक. नाही घेतलं तर आई निघून जाणार आणि पोर उपाशी. घरातली रडारड ह्या एकाच गोष्टीसाठी होती.

माझा अंदाज मी मनात मांडून ठेवला होता. वैजयंताला घराबाहेरचं वारं लागलंय. सासू तोंडाची तिखट, नवरा सदा कामावर. कोण थांबेल? मला राग नव्हता आला. उलट थोडं कौतुकच वाटलं होतं. फक्त अंगावरचं पोर टाकून जायची एवढी घाई हिशेबात बसत नव्हती.

"बांगड्यांचं काय मधेच निघालं?" मी विचारलं.

वैजयंता माझ्यासमोर बसली. चेहरा ओढलेला, पण आवाज शांत. बँकेतली बाई सांगते तसं सांगायला लागली.

"सगळं करून बघितलं काकी. चमच्यानं, बोंडल्यानं, बाटलीनं. मी दिलं की ती बाटली ढकलते आणि माझ्या पदरात तोंड खुपसते. सिस्टर म्हणाली, आईनं दिसायचं नाही, दुसऱ्या कुणीतरी पाजायचं, पोर भुकेनं पेटायच्या आत. म्हणून मी शेजारच्या गोठ्यात जाऊन बसायची आणि वन्सं पाजायच्या. माझी नेसलेली साडीसुद्धा नेसल्या त्या. वासानं ती गप्प होते, पण ओठ उघडत नाही."

"मग?"

"आज सकाळी मी परड्यात भांडी घासत होते. आत वन्संनी बाटली तोंडाला लावलेली. माझ्या बांगड्या वाजल्या आणि हिनं दोन घोट ओढले. मी भांडं ठेवायला हात थांबवला, हिनं तोंड मिटलं. परत घासायला लागले, परत ओढलं. वन्संनी हाक मारून सांगितलं."

"पदराखाली घेतलं की मी तिच्या पाठीवर थोपटते," ती जरा थांबून म्हणाली. "जन्मल्यापासून दूध आणि तो आवाज तिला एकत्रच मिळालाय."

"मग बस की परड्यात भांडी वाजवत," आक्काताई म्हणाल्या. "कोण नगं म्हणतंय?"

"साताऱ्याहून ऐकू येईल का, आत्ती?"

आक्काताईंनी नातीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

मी मधला मार्ग काढायला गेले. "अगं, मग मी कलाला नव्या भरते. ह्याच रंगाच्या, ह्याच मापाच्या. तुझ्या कशाला काढायच्या? सवाष्णीनं हात भुंडे करू नयेत."

पेटीतल्या हिरव्या बांगड्यांचा एक जुडगा काढून मी हलवला. आवाज झाला. ठकी आजीच्या खांद्यावर रडतच राहिली. वैजयंतानं आपला हात हलवला. त्याच हिरव्या, माझ्याच हातानं सातव्या महिन्यात भरलेल्या. पण पिठात, साबणात, राखेत मळून त्यांचा आवाज बसका झाला होता. ठकी रडायची थांबली. आजीच्या मानेपासून डोकं उचलून इकडेतिकडे बघायला लागली.

आता आमच्यापैकी कुणी काही बोलायचं राहिलं नव्हतं. तरी आक्काताई बोलल्याच.

"जित्या सवाष्णीच्या हातातलं काढून विधवेच्या हातात. असं मेल्या घरात बी करत न्हाईत, वैजे. तुझ्या कुंकवाचा तरी इचार कर. माझ्या लेकाचा तरी."

"तुमच्या लेकाला काही होणार नाही, आत्ती."

"हे तू कोण सांगणार?"

"मी सांगते म्हणून सांगते," वैजयंता म्हणाली. "त्यांना काही होणार नाही."

असं काही ठामपणे म्हणाली ती, की मलाच चमत्कारिक वाटलं. आक्काताईंनी नात माझ्या मांडीवर आणून टाकली. "करा काय करायचं त्ये. मी बघणार न्हाई," म्हणत त्या म्हशींकडे गेल्या. बाहेर वैरणीची पेंढी आपटल्याचा आवाज आला.

डावा हात आधी घेतला. बाळंतपणानंतर बाईचं मनगट भरतं. पाजणाऱ्या बाईच्या हातातून बांगडी काढायची म्हणजे साबण लागतो, दम लागतो, चार शिव्याही खाव्या लागतात. वैजयंताच्या डाव्या हातातल्या बांगड्या एकामागून एक नुसत्या गळून आल्या. पाण्याचा हातसुद्धा लावावा लागला नाही.

"जेवतीस की नाही गं?" मी म्हटलं. "का सासूच्या शिव्यांवरच पोट भरतंय?"

ती हसली.

मग उजवा हात घेतला, आणि बांगडी जागची हलेना. मनगट सुजलेलं. मनगटापासून कोपरापर्यंत हात टम्म, कातडी ताणून चकचकीत झालेली. बांगड्या मांसात रुतल्या होत्या, त्यांच्याखाली लाल वळ. कितीतरी हात माझ्या हातांतून गेलेत. बारीक, जाड, कष्टाचे, ऐतखाऊ. पण एकाच बाईचे दोन हात दोन मापांचे मी बघितले नव्हते.

मला काही समजलं नाही. मी आपली चेष्टाच केली. "काय गं, ह्या एकाच हातानं जेवतीस वाटतं."

"उजव्यानंच जेवतात ना, काकी."

"दुखतंय?"

"तुम्ही काढा. फोडू मात्र नका."

आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. तिला हे माहीत नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी ती गोड बोलायच्या मनःस्थितीत नव्हती. मी साबणाचा फेस केला, तिचा हात वर धरायला लावला, सूज थोडी खाली उतरू दिली. मग अंगठ्याचं मूळ आत दाबून एकेक बांगडी पुढं सरकवायला लागले. तिनं दात ओठांत रोवले होते. बांगडी भरताना आईच्या नावानं ओरडणाऱ्या बायका मला आवडतात. त्यांचं काय दुखतंय ते कळतं. ही मुकी होती. मधेच फक्त एकदा म्हणाली, "काकी, ठकीकडे बघत राहू का? म्हणजे लवकर होईल."

ठकी माझ्या पेटीशेजारच्या गोधडीवर पडून आईकडे बघत होती. तिची हनुवटी थरथरत होती. परत रडं फुटायच्या बेतात होतं.

शेवटची बांगडी निघताना तडकली. बाकीच्या शाबूत निघाल्या. वैजयंतानं दोन्ही मनगटं पदरात गुंडाळली आणि म्हणाली, "वन्सं, या."

कला उठून आली. तिशी ओलांडलेली, रानात राबून कणखर झालेली. नवरा गेल्यावर माहेरी परत आली ती इथलीच झाली. तेव्हापासून तिचे हात रिकामे. गावातल्या बायकांच्या हातांना मी सणासुदीला हात लावते. हिच्या हाताला मला लावायची वेळच आली नव्हती. मी तिचं मनगट धरलं तर ते बर्फासारखं गार होतं. नुकती चुलीपाशी बसून उठली होती तरी.

"हाडं रुंद आहेत तुझी," मी म्हटलं. "लागेल थोडं."

"लागू दे."

"नको वाटत असंल तर आत्ताच सांग, कला. नंतर गाव बोलेल."

"गाव काय, तसंबी बोलतंय." तिनं खाली बघितलं. "ठकी पिली म्हंजी झालं."

मी भरायला घेतल्या. तेल लावलं तरी बाळंतपणात अडलेल्या पोराच्या डोक्यासारख्या एकेक अडून बसत होत्या. भरता भरता मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. डोळे मिटलेले, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी. दुखण्याचं पाणी वेगळं असतं, ते मी ओळखते. हे ते नव्हतं. दोन्ही हात झाल्यावर तिनं एक हात हळूच हलवून बघितला. आवाज आला. तिनं तो हात झटकन मांडीखाली दडवला, जणू कुणी चोरी पकडली.

बाटलीतलं दूध कोमट झालं होतं. वैजयंतानं डब्यातली पावडर स्वतःच कालवली होती. थेंब मनगटावर टाकून बघितला. मग बाटली कलाच्या हातात दिली, माझा हात धरून मला स्वयंपाकघराच्या मागच्या कोठीत घेऊन गेली आणि दार लोटलं. कोठीत शेंगांची पोती होती. त्यांच्यामधल्या जागेत आम्ही दोघी उभ्या राहिलो.

बाहेर ठकीचं रडं, आणि त्यात बांगड्यांचा आवाज. रडं थांबलं. बांगड्या वाजत होत्या: एक, एक, एक. सारख्या, धपाटे घातल्यासारख्या. परत रडं सुरू झालं, आधीपेक्षा मोठं.

"चुकतंय," वैजयंता कुजबुजली. "त्या भाकरी थापल्यासारखं थोपटतात. तसं नाही."

"मग कसं?"

तिनं मला वळवलं. माझी पाठ तिच्याकडे केली आणि थोपटायला लागली. दोन हलके, मग मधे जरा थांबून एक हात पाठीवर ठेवल्यासारखा. परत दोन. परत ठेवला. तिच्या हातात आता काही वाजत नव्हतं, नुसता तळहात होता. एक गार, एक सुजून गरम.

"लक्षात राहील?"

मी मान हलवली. माझी आई मी पाळण्यात असताना गेली. मोठेपणी मला कुणी थोपटलेलं नाही. आमच्या घरात बायकांना थोपटायची पद्धतच नाही. त्या अंधाऱ्या कोठीत माझ्या पोराच्या वयाची एक बाई मला थोपटत होती, आणि मला उगाच भीती वाटायला लागली की ती थांबेल.

"जा काकी. विसरायच्या आत जा."

मी बाहेर आले. पाठ ताठ धरून, भरलेली घागर डोक्यावर असल्यासारखी. कलाच्या मागे बसले आणि तिच्या पाठीवर ते उतरवलं. दोन हलके, थांबून एक. कलानं मागं न बघता तेच ठकीच्या पाठीवर उतरवलं. बांगड्या वाजल्या. दोन. थांबून एक.

ठकीनं हुंदका गिळला. तोंड उघडलं. बाटलीचं रबरी बोंड ओठांना लागलं, तिनं ते जिभेनं एकदा बाहेर ढकललं, परत आत घेतलं, आणि ओढलं.

घटाघट नाही पीत अशी पोरं पहिल्यांदा. अडत अडत, कपाळाला आठ्या घालून, फसवणूक होतेय हे कळल्यासारखी पीत होती. पण पीत होती. बाटलीत बुडबुडे वर चढत होते. मी थोपटत होते, कला थोपटत होती. आम्हा दोघींच्याही हातात ती कोठीतली बाई होती. आता पंचवीस वर्षं होत आली. अजून एखाद्या दुपारी, घरात कुणी नसताना, माझ्या पाठीवर ते येतं. दोन हलके. मी थांबते. तिसरा येतो. मी मागं वळून बघत नाही.

रडं बंद झाल्याचं परड्यात कळलं असणार. आक्काताई दारात येऊन उभ्या राहिल्या, हाताला वैरणीचा भुसा लागलेला. लेकीच्या हातातला हिरवा चुडा, आणि त्या हातांत पिणारी नात. त्यांनी भुशाचे हात पदराला पुसायला घेतले.

एवढ्यात कोठीचं दार उघडलं.

वैजयंता बाहेर यायला नको होती, हे तिलाही ठाऊक होतं. पण आतून तिला ऐकू येत होतं आणि दिसत नव्हतं. आईच ती. ती चार पावलं पुढं आली आणि थांबली. पदर बाजूला सरकला होता, भुंडे हात दोन्हीकडे लोंबत होते. पोराच्या पिण्याच्या आवाजानं तिला पान्हा फुटला होता. पोलक्यावर ओला डाग पसरत चालला होता.

ठकीला वास लागला. तिनं ओढणं थांबवलं. बाटली सोडली, मान वळवली, आईकडे बघितलं आणि दोन्ही हात पसरले.

कला माझ्याकडे बघायला लागली, मी वैजयंताकडे. मी आक्काताईंकडेही बघितलं, आता कोणती शिवी येते म्हणून. आक्काताई सुनेच्या तोंडाकडे बघत नव्हत्या. त्या तिच्या पोलक्याकडे बघत होत्या. डावीकडे पोलकं भिजून चिकटलं होतं. उजवीकडे ठणठणीत कोरडं होतं. मग त्यांची नजर उजव्या हातावर गेली, त्या सुजेवर, बांगड्यांच्या वळांवर. पाच पोरं अंगावर पाजलेली बाई. तिला कुणी काही सांगावं लागलं नाही.

आक्काताई मायलेकींच्या मधे येऊन उभ्या राहिल्या. सुनेला पाठीमागे घातलं, आपलं लुगडं पसरून पोरीच्या नजरेआड केलं.

"कले," त्या म्हणाल्या. आवाज फाटला होता, पण दरडावणीचाच. "थांबलीस का? थोपट."

कला थोपटायला लागली. ठकी रडली. आजीच्या लुगड्यावरून पलीकडे बघायला मान उंचावली. आजी तसूभर हलली नाही. बांगड्या वाजत राहिल्या, दोन, थांबून एक, आणि बऱ्याच वेळानं ठकीनं डोकं टेकलं. बाटली परत तोंडात घेतली.

आक्काताई सुनेला दंडाला धरून परड्यात घेऊन गेल्या. मी पेटी उचलून मागून गेले. मला बोलावलं नव्हतं, पण जाऊ नको असंही कुणी म्हणालं नाही.

"कवापासनं हाय?"

"दिवाळीपासून गाठ लागत होती. मला वाटलं दुधाची असेल."

"डाक्टर?"

"मिरजेला दाखवलं. अंगावर पाजणं आज बंद करायचं. उद्या भरती व्हायचं."

"साताऱ्याचं ट्रेनिंग..."

"नाही. तसलं काही नाही."

"शिरकांताला ठावं हाय?"

"त्यांनाच फक्त. ते स्टँडवर येणार आहेत."

आक्काताईंनी म्हशीच्या दाव्याचा खुंट धरला. "आन मला सांगावंसं वाटलं न्हाई? म्या येवढी वाईट हाय?"

"तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही रडायला बसला असता, आत्ती," वैजयंता म्हणाली. "वन्सं रडल्या असत्या. सगळं घर रडायला बसलं असतं. मग ठकीला पाजायला कुणी शिकवलं असतं?"

म्हैस वैरण चावत होती. आतून बांगड्यांचा आवाज येत होता. आक्काताईंच्या तोंडाचे स्नायू हलत होते, पण रडल्या नाहीत. तेवढं त्यांनी सुनेचं ऐकलं.

"परत येशील न्हवं?"

"बघू म्हणाले डॉक्टर."

आक्काताईंनी नाक ओढलं आणि माझ्याकडे वळल्या. "अनसूये, माझ्या सुनंचं हात असं भुंडं घेऊन जाऊ देणार हाईस व्हय? भर."

मी पेटी उघडून हिरवा जुडगा काढला. वैजयंतानं हात मागं घेतला.

"काचेच्या नकोत, काकी. आत्ता ती दारापासून हाकेवर आहे. ऐकलं तर बाटली सोडेल."

सवाष्णीला भुंड्या हातानं दवाखान्याच्या वाटेला लावायचं नाही, आणि पोरीच्या कानावर आवाज पडू द्यायचा नाही. मी आयुष्यभर बायकांना बांगडी हलवून दाखवत आले होते, आवाज बघ, किती गोड आहे.

"वाजत न्हाईत असलं काय न्हाईच का तुझ्यापाशी?" आक्काताईंनी विचारलं.

होतं. तळाशी, कागदात गुंडाळलेल्या प्लॅस्टिकच्या हिरव्या बांगड्या होत्या. कॉलेजला जाणाऱ्या पोरी मागतात म्हणून ठेवलेल्या. त्यांना मी बांगडीच म्हणत नव्हते. डाव्या हाताला एक माप काढलं, उजव्याला मोठं. एका बाईच्या दोन हातांना दोन मापं. पहिल्यांदा असं भरलं मी. भरून झाल्यावर तिनं हात हलवून बघितला. काहीच झालं नाही. तेव्हा तिला बरं वाटलेलं दिसलं.

बांगड्या भरल्यावर कासाराला वाकायची रीत आहे. ती वाकली. मला आशीर्वाद सुचेना. मग निघाला तो नेहमीचाच, अखंड सौभाग्यवती भव. दुसरा मला येतच नाही. तिच्या हातात त्यानंतर मी पुन्हा बांगडी भरली नाही.

कपड्यांची पिशवी आधीच परड्याच्या फाटकाशी आणून ठेवलेली होती. पुढच्या दारानं जायचं म्हणजे ठकीसमोरून जायचं. आक्काताईंनी स्वतः फाटकाची कडी काढली, तीही आवाज होऊ न देता, लुगड्याचा पदर मधे घालून. वैजयंता घराच्या भिंतीपाशी क्षणभर उभी राहिली. भिंतीपलीकडे कला थोपटत होती. दोन. थांबून एक. कलाचं थोपटणं आता पक्कं बसलं होतं. आम्हा तिघींना ते ऐकू येत होतं, आणि ऐकणाऱ्याला कळलंच नसतं की हा हात वैजूचा नाही.

आणि नेमकी तेव्हाच शेजारची इंदू आपल्या परड्यातून, कुंपणाच्या भिंतीपलीकडून ओरडली. तिला आम्ही दिसत नव्हतो.

"वैजू, पाजायला बसलीस होय गं? आज लवकर!"

वैजयंतानं तोंड उघडलं. मग आमच्याकडे बघितलं, आणि मिटलं. ती बोलली असती तर आत ठकीनं ऐकलं असतं.

इंदूनं परत हाक मारली. "काय गं, बोलत न्हाईस?"

आक्काताईंनी फाटकाशी ठेवलेली पिशवी उचलून आपल्या काखेला मारली, सुनेला फाटकाबाहेर घातलं, आणि भिंतीकडे तोंड करून रोजच्याच चढ्या आवाजात म्हणाल्या,

"व्हय गं, पाजतीया. तिला आता हाका मारू नगंस."